हरायला उभा राहणारा माणूस

पुंजाजीनाना निवडणुकीला उभे राहायचे ते हरण्यासाठी. ही गोष्ट ते कोणापासून लपवत नसत. पतसंस्थेच्या संचालक मंडळाची निवडणूक लागली की अर्ज भरायच्या पहिल्याच दिवशी धुतलेला पांढरा सदरा घालून, सायकलच्या हँडलला मेथीच्या जुड्यांची पिशवी अडकवून ते रिसोडच्या बाजारातल्या संस्थेच्या ऑफिसात हजर होत. आधी उमेदवारी अर्ज देत आणि मग तो घेणाऱ्या कारकुनालाच विचारत, "मेथी देऊ का वो? ताजी हाये." निकालाच्या दिवशीही येत. आपल्याला पडलेली मतं शांतपणे ऐकून घेत, निवडून आलेल्यांच्या गळ्यात स्वतःच्या हातानं हार घालत आणि म्हणत, "चाला, पाच वर्साचं काम झालं."

लोक हसत. टपरीवरून कोणीतरी हाक मारी, "नाना, या डावाले तरी डिपॉझिट वाचलं का?"

नाना सायकलवरून उतरून उत्तर देत. "डिपॉझिट गेलं बाप्पा. पन मले सांग, विनायकराव आला होता का नाई तुया घरी?"

"आला होता."

"बसला का?"

"बसला. चहा पेला."

"पाच वर्साच्या अंदर आला होता का कदी?"

"नाई."

"मंग? माया डिपॉझिटचा चहा पेला तुमी दोघं. हास आता."

विनायकराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. बाजारात खता-बियाण्यांचं मोठं दुकान, पन्नास एकर शेती आणि तालुक्यातल्या प्रत्येक पक्षात एकेक पाहुणा. माणूस गोड बोलणारा. बहुतेक सगळ्याच निवडणुकांत त्यांचं पॅनेल निवडून येई आणि त्यात नवल काहीच नव्हतं. नानांचं म्हणणं एवढंच होतं की निवडून यायच्या आधी त्यांनी मळ्यातल्या दर घरापुढे चप्पल काढली पाहिजे. "मी जिंकाले उभा नाई राह्यत," ते म्हणत. "पाच वर्सातून एक डाव त्याले माया कौसापुढं हात जोडा लागते, तेवढ्यासाठी उभा राह्यतो. उभाच नाई राह्यलो तं तो कायले येईन?"

मळा म्हणजे गावाबाहेरची आमची भाजीवाल्यांची वस्ती; तिथे नानांचा तुकडा आमच्या घराला लागून होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात थोडी भेंडी. त्यांची बायको कौसाकाकू, त्या पहाटे तोडणी करून टोपलं घेऊन बाजारात बसायच्या आणि नाना पाणी धरायचे. माझे वडील मोर्च्यांत जाणारे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'चलो' आणि 'धिक्कार' या शब्दांवरून. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर मी नानांना त्यांच्याच पतसंस्थेचं महत्त्व समजावून सांगायला लागले. सहकार म्हणजे भांडवलशाहीला दिलेलं उत्तर, वगैरे. नाना वाफा बांधता बांधता ऐकून घेत आणि मग म्हणत, "उत्तर-बित्तर तुया पत्रकात लिही, पोरी. मोटर जयली तं संध्याकाईपर्यंत दुसरी बसली पाह्यजे. वांगं काय उत्तराची वाट पाह्यत नाई."

आणि खरोखरच एका वैशाखात त्यांची मोटर जळाली होती. मी लहान होते, पण ती धावपळ आठवते. सकाळी नाना एका मोठ्या बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी सातबारा मागितला, तो दिला. आठ-अ मागितला, तोही दिला. मग वाशिमहून एक कागद आणायला सांगितला आणि जेवायची वेळ झाली म्हणून काउंटर बंद केला. दुपारी नाना पतसंस्थेत आले. तिथल्या मॅनेजरनं कागद नाही मागितला. त्यानं विचारलं, "जामीन कोण?" नानांनी मागे वळून पाहिलं. मळ्यातले तिघंजण पायऱ्यांवर बसलेले होते. मोटर जळाल्याचं ऐकून ते न बोलावता आले होते. संध्याकाळी पाणी सुरू झालं. त्या कर्जाचा हप्ता कौसाकाकूंच्या टोपल्यावरून गेला. संस्थेचा माणूस रोज बाजारात फिरायचा, ज्याला जेवढं जमेल तेवढं घ्यायचा आणि पुस्तकावर सही करायचा. हप्ता भरायला कोणाला दुकान बंद करून रांगेत उभं राहावं लागलं नाही.

बँक आणि पतसंस्था यांतला फरक मला कोणत्याही पत्रकानं नानांइतका नीट सांगितला नाही. ते म्हणायचे, "बँकेत आपन गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं तोंड उघडलं तं बँक म्हनते, दुसरीकडं जा. इथं आपन मालक. मालक कुठं जाईन? अन् दुसरी गोष्ट आईक. विनायकराव पन्नास एकरवाला, मी तीन एकरवाला, अन् कौसाच्या नावानं तं बोटभर जमीन नाई. पन त्या दाराच्या आत गेलं की तिघाइचं एकेकच मत. असं ठिकान मले दुसरं दाखव या तालुक्यात. देवळात तरी हाये का?"

दिवाळीआधी लाभांश मिळे. रक्कम चिमूटभर असायची. पण नाना ती घ्यायला कौसाकाकूंना नवं लुगडं नेसवून सोबत नेत. "आपल्याच पैशावरचा नफा आपल्याले वापस भेटून राह्यला," ते रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. "सावकारानं देला होता का कदी वापस?" काकू पदराआडून म्हणत, "हळू बोला. सावकाराचा नातू मांगं उभा हाये."

वार्षिक आमसभेतही नानांचं काम ठरलेलं होतं. अहवाल वाचून झाला, अध्यक्षांनी "मंजूर?" विचारलं आणि सभागृहानं "मंजूर" म्हटलं, की नाना उठत. विरोध करण्यासारखं काही नसलं तरी काहीतरी विचारत. छपाईचा खर्च एवढा का? पंखा दुरुस्त केला की नवा घेतला? एकदा त्यांनी विचारलं, "चहा फिका काहून होता?" सगळे हसले, विनायकरावही हसले, आणि मॅनेजरला उभं राहून चहाचा खुलासा करावा लागला. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "नाना, चहावर काय विचारता? धोरणावर विचारा." ते म्हणाले, "धोरनावर विचाराचा दिवस येईन तवा सवय पाह्यजे ना. खुर्चीवरच्याले उत्तर द्याची सवय, अन् खालच्याले विचाराची."

या माणसाचा पराभव विनायकरावांनी केला नाही. तो आम्ही केला. आम्ही म्हणजे मळ्यातल्या लोकांनी.

आपल्याकडे निवडणूक बिनविरोध होणं हा मोठा मान समजतात. गाव एकदिलानं नांदतं याचा तो पुरावा असतो म्हणे. पेपरात फोटो येतो, सरपंचाचा सत्कार होतो. मला तर बिनविरोध हा शब्द ऐकला की तोंडावर हात ठेवलेला माणूस दिसतो. पण तेव्हा साऱ्या बाजारात बोललं जाऊ लागलं की या खेपेला आपली संस्थाही बिनविरोध करू. निवडणुकीचा खर्च संस्थेला भरावा लागतो, आणि तो शेवटी आपल्याच लाभांशातून जातो, हा हिशेब कोणीतरी मळ्यात पसरवला. खोटा नव्हता तो.

माघारीच्या आदल्या संध्याकाळी नानांच्या अंगणात माणसं जमली. त्यांत विनायकराव नव्हते. ते एवढे हुशार होतेच. आले होते ते मळ्यातलेच लोक. त्या वैशाखात पायऱ्यांवर बसलेले जामीनदारही त्यांत होते. त्यांतला सर्वांत म्हातारा सखाराम बोलला.

"नाना, तुमी दर डाव पडता. तुमच्या पडन्यासाठी आमी कायले पैसे मोजाचे?"

"सखाराम, मत देनं म्हंजे खर्च नोहय."

"तं काय हाये? लेकीचं लगन हाये का?"

हशा झाला. नाना हसले नाहीत. दुसरा म्हणाला, "तुमीच म्हनता ना, सभासद मालक हाये? मंग आमी मालक म्हनून राह्यलो, मतदान नको. आमचं आईकता का नाई?"

मी तिथे होते. नाना वाद घालतील, ओरडतील, अशी माझी खात्री होती. पण वाद घालायला जागाच नव्हती. ज्या तत्त्वावर ते आयुष्यभर उभे होते तेच कोणी त्यांच्या गळ्यात अडकवलं होतं. मालकांना मत नको असेल तर नोकरासारखं वागणाऱ्या उमेदवारानं काय करायचं? कौसाकाकू चुलीपासून ओरडल्या, "काय आईकता त्याइचं? हाकला!" पण नाना उठून आत गेले, सदरा घातला आणि म्हणाले, "सगये म्हनता तं सगयाइचं. मी एकटा मोठा हाओ का तुमच्यावून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज मागे घेतला. त्या दिवशी पिशवीत मेथी नव्हती. विनायकरावांनी त्यांना मंचावर बोलावून शाल पांघरली आणि पेपरात फोटो आला: एकजुटीचा आदर्श. शाल चांगली गरम होती. काकूंनी ती बकरीवर टाकली.

पुढच्याच आमसभेला दारातच प्रत्येक सभासदाला स्टीलचा डबा मिळाला. हजेरीच्या वहीत सही करायची, डबा घ्यायचा. लोक सही करून, डबा काखेत मारून बाजाराच्या कामाला निघून गेले. पुरेशी माणसं उरली नाहीत, म्हणून सभा तहकूब झाली. नियम असा की तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा घ्यायची आणि तेव्हा माणसं मोजायची गरज नसते. तो अर्धा तास नाना रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून राहिले. त्यांनी डबा घेतला नव्हता. मी शेजारी होते.

सभा पुन्हा सुरू झाली तेव्हा मॅनेजरनं घाईघाईत एक दुरुस्ती वाचली. सभासदाचं किमान भागभांडवल वाढवण्यात येत आहे. ठरलेल्या मुदतीत वाढीव रक्कम न भरणाऱ्यांना यापुढे नाममात्र सभासद समजलं जाईल. नाममात्र सभासद म्हणजे ठेव ठेवू शकतो, कर्ज मागू शकतो. मत देऊ शकत नाही, उभा राहू शकत नाही.

नाना उठले. "माया विरोध हाये. टोपलेवाल्या बाया कुठून भरतीन एवढे? तुमी मत इकून राह्यले काय?"

विनायकरावांनी हात जोडले. "नाना, संस्था मोठी करायची आहे. तुमच्याच हातानं लावलेलं रोप आहे हे. एकमतानं काम करू. मंजूर?"

समोरच्या दोन रांगांत संचालक आणि त्यांचे पाहुणे होते. "मंजूर," ते म्हणाले. मंडळात नानांचा आवाज पोचवेल असा एकही माणूस नव्हता, कारण कोणालाच निवडून यावं लागलं नव्हतं. ज्यांच्या दारात चहा प्यावा लागत नाही त्यांच्या हातातून मत काढून घेणं किती सोपं असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. आवाजसुद्धा होत नाही. फक्त एक पान उलटतं.

मळ्यातल्या बहुतेकांनी वाढीव रक्कम भरली नाही. काहींना ऐपत नव्हती. पुष्कळांना वाटलं, मत नसलं तर काय बिघडतं, ठेव तर सुखरूप आहे. नानांनी ऐपत असून भरली नाही. "मताचे पैसे मी देत नाई. आज भाव भरला तं उद्या तो वाढवीन." मी त्यांच्या या निर्णयावर खूश होते, त्यावर एक पत्रकही लिहिलं. कौसाकाकूंनी मात्र मुदत संपायच्या आत वांग्यांच्या पैशातून आपल्या नावाची रक्कम भरून टाकली.

ते कळल्यावर नवरा-बायकोत जे भांडण झालं ते अर्ध्या मळ्यानं ऐकलं.

"मी तिकडं नाई म्हनून राह्यलो, अन् तू घरातून हो म्हनतं?"

"तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठिवा. मले त्या दारातून आत जाऊन बोलता आलं पाह्यजे."

"तू बोलतं कदी? एवढ्या वर्सात एक डाव तोंड उघडलं सभेत?"

"तुमी गप बसले असते तं मी उघडलं असतं."

नाना काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग एकदा मलाच म्हणाले, "कौसानं बरं केलं का वाईट, मले समजून नाई राह्यलं. पन घरात एक मत हाये, त्यानं झोप लागते."

तक्रार करायला ते जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयातही गेले. मी सोबत होते. सकाळच्या एसटीनं गेलो, दुपारपर्यंत बाकावर बसलो. आतल्या माणसानं अर्ज वाचला आणि विचारलं, "तुम्ही कोण? सभासद?"

"स्थापना केली तवापासून."

"पूर्ण सभासद की नाममात्र?"

"नाममात्र केलं, तेच तं सांगाले आलो."

"मग तुम्हाला हरकत घेता येत नाही, बाबा. हरकत पूर्ण सभासदच घेऊ शकतो, आणि त्यालाही मुदत असते, ती उलटली."

तो माणूस उद्धट नव्हता. त्यानं पाणीही विचारलं. बाहेर आल्यावर मी संतापानं बडबडत होते आणि नाना एसटीच्या पाटीकडे पाहत होते. "मारलं त्याइनं नाई," ते म्हणाले. "दरवाजा म्या सोता सोडला. लोकाइनं म्हटलं म्हनून सोडला. लोकाइले मत नको असन तवाच तं मताची गरज असते, हे मले त्या संध्याकाई सुचलं पाह्यजे होतं."

यानंतर कोणी म्हणेल, संस्था बुडाली असेल. तसं झालं नाही, आणि मला राग आहे तो यामुळेच. संस्था आज जोरात आहे. काचेचं दार, थंड हवा, गणवेशातल्या मुली. टोपलेवाल्या बायांकडून रोजची वसुली आजही होते, फक्त तो पैसा आता प्लॉट पाडणाऱ्यांना आणि दुकानदारांना कर्जाऊ जातो. गेल्या उन्हाळ्यात सखारामची मोटर जळाली. तो संस्थेत गेला तर मॅनेजरनं जामीन नाही विचारला. तीन वर्षांचं आयकर विवरण विचारलं आणि संगणकात पाहून सांगितलं की तुमचा सिबिल दिसत नाही. सखाराम नानांच्या अंगणात येऊन बसला. नाना त्याला काहीच टोचून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "शेजाऱ्याले विचाराचं सोडून डबड्याले विचारून राह्यले. डबडं काय जामीन राहीन?" आणि मळ्यातून वर्गणी काढून मोटर आणायला निघाले. जे काम संस्था एका संध्याकाळी करायची त्याला आठवडा लागला. सखारामची भेंडी तोपर्यंत गेली.

नाना थंडीत गेले. मेथीला पाणी धरताना बांधावर बसले आणि बसलेलेच राहिले. काकूंनी वाफा भरेपर्यंत पाणी चालू ठेवलं, मग मोटर बंद करून माणसं बोलावली.

त्यानंतरच्या आमसभेत पहिलाच विषय श्रद्धांजलीचा होता. मी मागे उभी होते. मला मत नाही, खुर्चीही नाही. कौसाकाकू तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, टोपलं बाहेर गणवेशातल्या मुलींजवळ ठेवून. मॅनेजरनं ठराव वाचला. संस्थेचे संस्थापक सभासद कैलासवासी पुंजाजी यांनी व्यक्तिगत मतभेद बाजूला ठेवून, संस्थेच्या ऐक्यासाठी निवडणुकीतून माघार घेतली आणि बिनविरोधाची थोर परंपरा घालून दिली. ही सभा त्यांना आदरांजली वाहते.

विनायकरावांचा आवाज जड झाला होता. खरा असावा. "मंजूर?"

"मंजूर."

"माया नाई," कौसाकाकू म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. काकू उभ्या राहिल्या. विनायकराव मंचावरून खाली झुकले आणि हळुवार म्हणाले, "काकू, श्रद्धांजलीला विरोध नसतो. बसा."

"मंग मंजूर का म्हनून विचारलं कायले?"

विनायकरावांनी पुन्हा बसायची खूण केली. काकू बसल्या नाहीत.

"मानूस मेला माया. तो काहून मांगं हटला ते मले माईत हाये, या मयातल्या लोकाइले माईत हाये. जल्मभर उभा राह्यला ते नाई लिहिलं तुमी. एक डाव बसला ते लिहिलं." त्यांनी मॅनेजरकडे बोट केलं. "पैसे भरले मी. पूर्न सभासद हाओ. माया विरोध लिहा."

मॅनेजरनं अध्यक्षांकडे पाहिलं. विनायकराव म्हणाले, "दुःखात आहेत त्या. आपण दोन मिनिटं उभं राहू." सगळे उभे राहिले. काकू एकट्याच खाली बसल्या. दोन मिनिटं झाल्यावर त्या उठल्या आणि बाहेर जाऊन टोपलं डोक्यावर घेतलं. बाजाराची वेळ झाली होती.

त्या सभेचं इतिवृत्त मी नंतर मागून वाचलं. श्रद्धांजलीचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला, असं त्यात लिहिलं आहे. पुंजाजीनानांना न पाहिलेल्या वाचकांसाठी मी हे सगळं लिहिलं ते एवढ्याचसाठी की कुठेतरी खरं नोंदलेलं असावं. तो ठराव सर्वानुमते मंजूर झालेला नाही. एक मत विरोधात पडलं होतं.